पूल उतरला की डाव्या हाताचं पहिलं घर

त्या शनिवारी सकाळपासून पुंजाबांच्या घरात साहेबांची वाट पाहणं चालू होतं आणि गोटीरामच्या घरात जावयाची. दोन्ही घरं ढोलेवाडीतली, दोन्ही ढोल्यांचीच. मधे फक्त बाभळीचं एक बन आणि नदीचा एक वाक. दोन्हीकडं ओसरी झाडून घेतली होती, दोन्हीकडं पाहुण्यांसाठी सतरंजी अंथरली होती. आणि दोन्हीकडं चुकीचे पाहुणे आले.

याला कारण पूल. सातपूरचे कारखाने मागं टाकून बरंच आत गेलं की ढोलेवाडी लागते. वाडीच्या अंगाला नदी, आणि त्या नदीवर कुणाच्या तरी पणजोबाच्या काळापासून एक अरुंद दगडी पूल होता. समोरून बैलगाडी आली की मोटरसायकलवाल्यानं मागं सरायचं, आणि पावसाळ्यात नदीला पाणी आलं की सगळ्यांनीच घरी बसायचं. शेवटी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सरकारला दया आली आणि नदीच्या वरच्या अंगाला, बाभळीच्या बनापलीकडं, सिमेंटचा उंच आणि रुंद नवा पूल झाला. दसऱ्याला तो सुरू झाला. जुना दगडी पूल फोडायचं काम तेव्हापासून निवांत चाललं होतं.

आता एका गावात दोन पूल झाल्यावर त्यांना नावं हवीत. जुना आधीपासूनच पूल होता, त्याचं नाव बदलायचं काही कारण नव्हतं. नव्याला कंत्राटदाराची माणसं 'ब्रिज' म्हणायची, म्हणून वाडीही ब्रिज म्हणायला लागली. "म्हशी पुलाखाली हायेत का ब्रिजखाली?" असं विचारलं की कुणाचा गोंधळ व्हायचा नाही. वाडीबाहेरच्या जगाला मात्र ही व्यवस्था कुणी कळवलेली नव्हती.

जुन्या पुलाच्या तोंडाशी गोटीरामचं घर होतं. त्याची मुलगी तृप्ती बी.कॉम. झालेली, आणि तिला बघायला लासलगावहून भिकनराव, त्यांची बायको आणि मुलगा राजू येणार होते. राजू सातपूरला एका कंपनीत लेथवर होता. शनिवारी मुलगी बघायला जाऊ नये, असं राजूच्या आईचं मत होतं, पण कंपनीची सुट्टी शनिवारीच. स्थळ आणणारे लहानूमामा बरोबर यायचे होते, ते ऐनवेळी दाढ धरून नाशकातच बसले. जीपच्या खिडकीशी येऊन सुजल्या गालानं त्यांनी एवढंच सांगितलं, "पूल उतरला की डाव्या हाताचं पहिलं घर. ढोल्यांचं. कुणाला इचारत बसू नका, नायतर गावभर बोभाटा व्हतो."

लहानूमामा ढोलेवाडीला शेवटचे गेले होते ते ब्रिज होण्याआधी.

त्यामुळं जीप नव्या कोऱ्या ब्रिजवरून ऐटीत आली, उतरली आणि डाव्या हाताच्या पहिल्या घरासमोर थांबली. ते घर पुंजाबांचं.

पुंजाबांच्या घराची गोष्ट अशी की, ब्रिजवरून उतरणारा रस्ता रुंद करायचा होता आणि पुंजाबांची ओसरी त्या रस्त्यात येते की काय, हे पाहायला साहेब येणार होते. ओसरी म्हणजे घराच्या पुढची उतरत्या पत्र्याची लांबट खोली. पुंजाबांचं सगळं आयुष्य तिच्यात चालायचं. धान्य तिच्यात, म्हैस तिच्यात, दुपारची झोप तिच्यात. ती गेली तर पुंजाबांना बसायला जागाच उरली नसती. म्हणून त्यांच्या बायकोनं, अक्काबाईनं, बेसनाचे लाडू केले होते आणि नवऱ्याला आदल्या दिवसापासून पढवलं होतं.

"ओसरी हा शब्द तोंडातून काढायचा नाय. साहेब लोक शब्द धरत्यात. नुसतं 'ती' म्हणायचं. गोड बोलायचं, आणि इचारल्याबिगर सांगायचं नाय."

जीपमधून सफारी घातलेले भिकनराव उतरले, मागोमाग काठपदरी साडीतली बाई उतरली, मागून इस्त्रीच्या शर्टातला तरुण.

"मोठे साहेब, मॅडम आन् छोटे साहेब," अक्काबाई दाराआडून पुटपुटली. "तिघं आलेत. काम गंभीर हाय."

पुंजाबा हात जोडून पुढं झाले. "या, या. वाटच बघत व्हतो. ढोल्यांचंच घर."

"मग बरोबर आलो," भिकनराव म्हणाले. "आमचा स्वभाव सरळ हाय बघा. आलोय ते बघायलाच आलोय. लपवाछपवी नको."

"लपवायचं काय त्यात? पुढून बघा, मागून बघा."

राजूच्या आईनं भुवया वर केल्या, पण तेवढ्यात लाडवांचं ताट आलं. सगळे सतरंजीवर बसले. भिकनरावांनी अर्धा लाडू संपवून घसा साफ केला.

"तर मग, कोणत्या सालची?"

"सत्याहत्तर सालची," पुंजाबा लगेच म्हणाले. हे उत्तर त्यांनी पाठ केलं होतं.

भिकनरावांनी मनात हिशेब केला आणि बायकोकडं पाहून मान हलवली. वय जुळत होतं.

"दिसायला कशी हाय ते दिसलंच," अक्काबाई म्हणाली. "दर दिवाळीला रंग देतो आम्ही."

"रंग?" राजूच्या आईनं विचारलं.

"मग. त्याबिगर अशी उजळ दिसंल का? आतून काळीच हाय, धुरानं."

राजूला ठसका लागला. त्याला पाणी दिलं गेलं. पाणी पिऊन तो अदबीनं म्हणाला, "आणि पावसाळ्यात कशी असते?"

प्रश्न तांत्रिक होता. छोटे साहेब हुशार दिसतात, असं पुंजाबांना वाटलं. त्यांनी खरं सांगायचं ठरवलं. "पावसात जरा गळती व्हायची. कोपऱ्यातून. पण गेल्या साली डांबर लावलं, तवापासून बंद हाय."

राजूच्या आईनं लाडू ताटात परत ठेवला.

"बाकी तक्रार नाय," पुंजाबा घाईनं म्हणाले. "डाव्या अंगानं किंचित कललीय. पण आम्ही टेकू दिलाय. अजून पन्नास वर्षं हलायची नाय."

"कललीय," भिकनराव सावकाश म्हणाले. "लहानूमामा हे बोलले नव्हते."

"आन् लय उपयोगाची," अक्काबाईनं सूत्रं हातात घेतली. "रातच्याला म्हैस तिच्यापाशीच असती. पोतीच्या पोती धान्य तिच्यावर टाका, कुरकुर नाय. हे तर दुपारचं तिच्याबिगर झोपतच नाहीत."

राजूनं रुमाल काढून तोंडावर धरला. त्याचे खांदे हलत होते. आईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं, पोराला धक्का बसला.

भिकनराव मात्र बाजारात आयुष्य गेलेला माणूस. लिलावात माल वरवर पाहून उठून जायचं नसतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी शेवटचा मुद्दा काढला. "शाळेचं कसं? आमच्या कानावर बी.कॉम. हाय."

पुंजाबांना बी.कॉम. म्हणजे काय ते कळलं नाही. बांधकामाचा एखादा प्रकार असावा. पण ओसरीत पूर्वी भरायची त्या शाळेचं त्यांना आठवलं. "शाळा म्हंजे, अंगणवाडी. दोन वर्षं. मग सरकारनं बंद केली."

"दोनच वर्षं?"

"दोनच. पण तेवढ्यावर सरकारनं कागद दिला व्हता शाबासकीचा."

भिकनरावांनी बायकोकडं पाहून नकारार्थी मान हलवली. त्या मान हलवण्याचा पुंजाबांनी वेगळा अर्थ काढला. साहेबांनी ठरवलं, ओसरी जाणार. पढवलेलं सगळं ते विसरले. डोळ्यात पाणी आलं. त्यांनी भिकनरावांचे पाय धरायला वाकून म्हटलं, "साहेब, काय बी करा, पण तिला पाडू नका. आमच्या अंगावरनं बुलडोझर न्या, पण तिला हात लावू नका."

"अहो, आम्ही कशाला पाडू तिला?" भिकनराव पाय मागं घेत म्हणाले.

"नाय ना पाडणार? शब्द द्या."

"तुम्ही असं करा," भिकनराव आता घाम पुसत होते, "मुलीला बोलवा आधी. एकदा बघू द्या."

---

नेमकं त्याच वेळी खरे साहेब गोटीरामच्या दारात उभे होते.

त्यांचं नाव ललित. पुलाच्या कामावरचे हे इंजिनियर त्याच आठवड्यात बदलून आले होते आणि ढोलेवाडी त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यात ते सकाळी पलीकडच्या गावातलं काम उरकून आल्यामुळं वाडीत मागच्या रस्त्यानं शिरले, ब्रिज त्यांना लागलाच नाही. चौकातल्या टपरीवर मोटरसायकल थांबवून त्यांनी शुद्ध भाषेत विचारलं, "पुलालगत ढोले राहतात, त्यांचं घर कुठं?"

"पुलापाशी ना? मग ते गोटीराम ढोले," टपरीवाल्यानं कात लावता लावता सांगितलं. "सरळ खाली जा."

मागच्या सीटवर गेणू मुकादम बसला होता. त्याच्या एका हातात मोजायची टेप आणि दुसऱ्यात लाल रंगाचा डबा. गेणू नोकरीभर साहेबांच्या मागं चालत आला होता, पुढं कधीच नाही, आणि त्यामुळं त्याचं सगळं सुखात चाललं होतं. खाली आल्यावर फुटका पूल दिसला, घण मारणारी माणसं दिसली, पुलाला चिकटलेलं घरही दिसलं. ललितच्या मनात शंका उरली नाही.

दारात गोटीराम नव्या टोपीत उभा होता. "या, या. लवकर आलात. प्रवास बरा झाला ना?"

ललित बिचकला. या नोकरीत त्याला 'या' असं फारसं कुणी म्हटलं नव्हतं. "बरा झाला. मी येणार ते कळवलं होतं ना तुम्हाला?"

"कळवलं म्हंजे काय, आम्ही आठवडाभर तयारीत हावोत. बसा. हे तुमचे मामा का?"

"हे गेणू," ललित म्हणाला. गेणू सतरंजीवर ऐसपैस बसला. त्याला कुणीही मामा म्हटलं तरी चालायचं.

आतून गोटीरामच्या बायकोनं, मीनानं, पडद्याच्या फटीतून पाहिलं. "रंगानं उजळ हाय पोरगा," ती तृप्तीला म्हणाली. "पण आईबाप नाय आले."

गोटीरामनंही बाहेर तेच विचारलं. "आईवडील नाही आले?"

प्रश्न विचित्र होता, पण ललित माणूस सभ्य. "ते गावी असतात. या कामाला मी एकटाच फिरतो."

"फिरता? म्हंजे याच्याआधी पण घरं पाह्यली?"

"या महिन्यात दहा-बारा झाली."

पडद्यामागं मीनानं कपाळाला हात लावला. गोटीरामचा चेहरा पडला. "दहा-बारा. आन् एक बी पसंत नाही पडलं?"

"आमच्या पसंतीचा काय प्रश्न? आत गेलो, बघितलं, खूण केली, निघालो. रोजचंच आहे. लोक रडतात, शिव्या देतात. परवा एका ठिकाणी अंगावर कुत्रं सोडलं."

"बरोबर केलं त्यांनी," मीना आतून पुटपुटली.

तृप्ती ट्रे घेऊन दाराशी आली होती. ट्रेमध्ये पोहे, वर खोबरं-कोथिंबीर. ती तिथंच थांबली आणि ऐकत राहिली.

"आधी मोजमाप घेऊ," ललित उठत म्हणाला. "गेणू, टेप काढ. उंची घे."

गेणूनं टेप उलगडली आणि तृप्तीच्या दिशेनं निघाला, कारण ती ज्या चौकटीत उभी होती तीच त्याला मोजायची होती. मीना वाघिणीसारखी मधे आली. "टेप नको. पाच फूट दोन इंच हाय. सांगितलंय आम्ही आधीच."

"पाच-दोन?" ललितनं विचार केला. "जोत्यापासून की जमिनीपासून?"

"जमिनीपासून," गोटीराम अपमान गिळत म्हणाला. "चपला न घालता."

"बाहेरून जास्त वाटते. ठीक आहे, तुमच्यावर विश्वास ठेवतो."

तृप्तीनं ट्रे खाली ठेवला आणि तोंडाला पदर लावून आत पळाली. आत पाण्याचा तांब्या पडल्याचा आवाज झाला, मग दाबलेल्या हुंदक्यांसारखं काहीतरी ऐकू आलं. पोरगी रडतेय, असं आईबापांना वाटलं. ललितला यातलं काही कळलं नाही. त्याच्यासमोर पोहे होते, आणि ते उत्तम होते. दुसरी बशी संपवताना त्याचं मन भरून आलं.

"खरं सांगू का काका, तुमच्यासारखी माणसं भेटत नाहीत. लोकांची नुसती हरकत. तुमची काही हरकत आहे?"

गोटीरामनं बायकोकडं पाहिलं. मोजमापाचा प्रकार त्याला आवडला नव्हता, पण पोरगा बोलायला मऊ होता, सरकारी वाटत होता आणि पोहे मन लावून खात होता. "आमची कसली हरकत? आमचं जे हाय ते तुमच्याच हवाली."

"अगदी स्वखुशीनं?"

"स्वखुशीनं."

ललितनं गेणूला खूण केली. "मग लाल रंग लाव."

"आत्ताच?" मीनानं विचारलं.

"आमची पद्धत आहे. एकदा लाल खूण झाली की पक्कं. मग मागं फिरता येत नाही."

तृप्ती पुन्हा दारात आली होती. डोळे ओले, चेहरा लाल. तिनं खालच्या मानेनं विचारलं, "मग पुढचं काम कधी?"

"मार्चच्या आत. एका दिवसाचं काम आहे. त्याआधी तुमचं सामान तेवढं हलवून ठेवा."

"भांडीकुंडी तर तयारच हायेत," मीना म्हणाली. तिला आता हुंदका आवरत नव्हता. मुलगा तऱ्हेवाईक असेना, होकार रोखठोक होता. गेणूनं दाराशेजारच्या भिंतीवर लाल रंगाचा जाड पट्टा ओढला. ही यांच्याकडची काहीतरी रीत असणार, असं समजून मीना धावत हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली. तिनं त्या पट्ट्याला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. मग वळून ललितच्या कपाळावर मोठा टिळा लावला आणि उरलेल्या अक्षता त्याच्या डोक्यावर टाकल्या. गेणूनंही टोपी काढून डोकं पुढं केलं.

आपण पाडत असलेल्या घराची पूजा होताना ललितनं प्रथमच पाहिली. "या लोकांचे संस्कार," तो गेणूला हळूच म्हणाला, "आपल्याकडं शहरात राहिलेच नाहीत."

---

"मुलगी?" पुंजाबा इकडं म्हणत होते. "तिचं काय काम? सही लागती का तिची? ती सासरी हाय, ओझरला. तिसऱ्या खेपेला दिवस गेलेत."

भिकनराव उभे राहिले. राजूची आई उभी राहिली. राजू बसूनच होता, कारण त्याला उभं राहवत नव्हतं.

"तुम्ही लग्न झालेली मुलगी दाखवताय आम्हाला?" भिकनराव ओरडले. "वर तिला डांबर लावलेलं?"

"मुलीला कोण डांबर लावंल?" अक्काबाई बाहेर आली. "ओसरीला लावलं. साहेब, तुम्ही ओसरी बघायला आलात ना?"

"कोण साहेब?"

मग बराच वेळ सगळे एकदम बोलले. त्यातून एवढं निष्पन्न झालं की भिकनराव कांद्याच्या आडतीवर काम करतात, त्यांना गोटीरामची मुलगी बघायची आहे, आणि गोटीराम पुलापाशी राहतो, ब्रिजपाशी नाही. भिकनरावांनी दोन शब्दांतला फरक विचारला. पुंजाबांनी तो दोनदा समजावला. त्यानं काही फायदा झाला नाही.

"मग खरे साहेब कुठं गेले?" अक्काबाई ताटातले उरलेले लाडू झाकत म्हणाली.

रस्त्यानं चाललेल्या एका शेजाऱ्यानं उत्तर दिलं, "साहेब कवाच आलेत. टपरीवाल्यानं पुलाकडं लावून दिले."

पुंजाबा आणि अक्काबाई न विचारताच जीपमध्ये बसले. साहेबांनी गोटीरामच्या घराचं काही वाकडं करण्याआधी पोचायला हवं, असं पुंजाबा म्हणत होते. पोचायची एवढी घाई कशाला, असं अक्काबाईच्या मनात येऊन गेलं.

जीप गोटीरामच्या दारात थांबली तेव्हा ललित दोन्ही हातांनी नारळ घेत होता. कपाळावर टिळा, केसांत तांदूळ.

"हे काय चाललंय?" भिकनराव जीपमधूनच म्हणाले.

"मुलीची पसंती झाली," गोटीराम आनंदानं म्हणाला. "या, तुम्ही पण या. हे आमचे पाहुणे. लासलगावचे."

"लासलगावचे आम्ही."

गोटीरामनं भिकनरावांकडं पाहिलं, मग ललितकडं. ललितनं मागं वळून पाहिलं, जणू पाहुणे त्याच्या मागं कुठंतरी उभे असतील.

"मी जळगावचा," तो म्हणाला. "मी इंजिनियर आहे. पुलाचा."

"ब्रिजचा," पुंजाबा आणि गोटीराम एकदमच म्हणाले, आणि मग दोघांनाही सगळं उमगलं.

मीनाच्या हातातला करंडा खाली गेला. पण आईचं डोकं संकटात वेगानं चालतं. तिनं ललितकडं एकदा नीट पाहिलं. मुलगा शिकलेला, नोकरी सरकारी, अक्षताही पडलेल्या. ती हळूच म्हणाली, "साहेब, तुमचं लग्न..."

"झालंय," ललित घाईघाईनं म्हणाला. "दोन वर्षांची मुलगी आहे मला." त्यानं नारळ गेणूच्या हातात दिला आणि रुमालानं कपाळ पुसायला लागला. टिळा जायच्या ऐवजी पसरला आणि साहेबांचा सगळा चेहराच गुलाबी झाला.

"एकाच दिवशी दोन स्थळं बोलावली काय तुम्ही?" भिकनराव आता तापले होते. "आमचं घराणं असलं नाय. चल गं. राजू, बस जीपमधी."

राजू बसला नाही. तो जीपचं दार धरून उभा होता आणि दारातल्या तृप्तीकडं पाहत होता. तृप्तीनं त्याच्याकडं पाहिलं. मग तिनं ललितच्या गुलाबी चेहऱ्याकडं पाहिलं, भिंतीवरच्या कुंकू वाहिलेल्या पट्ट्याकडं पाहिलं, आणि मघापासून दाबून धरलेलं हसू तिच्या तोंडातून फुटलं. ते ऐकून राजूचंही सुटलं. तो जीपच्या बॉनेटवर पालथा पडून हसायला लागला. तृप्ती भिंतीला टेकून खाली बसली. चार जण आपापल्या परीनं त्यांना गप्प करायला लागले, त्यानं ती दोघं आणखीच हसली.

---

बाकीचं शांतपणे झालं. भिंतीवरची खूण रद्द समजा, असं सांगून ललित गेणूला घेऊन पुंजाबांकडं गेला. भिकनरावांना मीनानं हातापाया पडून आत बसवलं आणि पोहे पुन्हा टाकले. राजूच्या आईनं तृप्तीला जवळ बसवून आधी तिच्या कपाळावरून बोट फिरवून पाहिलं आणि बोटाकडं नजर टाकली. रंग वगैरे काही नव्हता.

थोड्या वेळानं पुंजाबा आणि अक्काबाई परतले. ओसरी वाचली होती. रस्त्याची रेघ तिच्यापासून चांगली हातभर लांब जात होती. फक्त पुढचा रांजण हलवायला सांगितला होता.

"रांजण," अक्काबाई म्हणाली. ती आनंदात दिसत नव्हती. "एका रांजणापायी मी दीड किलो बेसन भाजलं."

पोहे आले. खाता खाता भिकनरावांना काहीतरी खटकलं. ते मुलाकडं वळले. "राजू, मगाशी त्या घरात, 'पावसाळ्यात कशी असते' असं तू का इचारलंस रे? कुणी पोरीबद्दल असं इचारतं?"

राजू पोहे चिवडत राहिला.

"तुला माहीत होतं," भिकनराव म्हणाले. "तुला कळलं होतं आपण चुकीच्या घरात हावोत."

"आतून काळी हाय म्हणाल्या, तवा कळलं," राजूनं कबूल केलं.

"मग बोलला का नाहीस?"

"मागच्या चार ठिकाणी मला पगार, प्रमोशन आणि चष्मा, एवढंच इचारलं सगळ्यांनी. इथं माझ्याकडं कुणी बघतच नव्हतं. पहिल्यांदाच बरं वाटलं."

गोटीराम सावकाश मुलीकडं वळला. "आणि तू? तू तर रडत होतीस ना आत?"

तृप्तीनं मान खाली घातली. "जोत्यापासून की जमिनीपासून, असं विचारलं ना त्यांनी. तेव्हा मला कळलं."

"आणि तू त्यांना आणखी विचारलंस, पुढचं काम कधी म्हणून?"

"मला बघायचं होतं, आई किती लांबपर्यंत जाते."

मीना उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला, नेहमीपेक्षा मोठा. भिकनरावांनी बशी खाली ठेवली. त्यांनी आपल्या मुलाकडं पाहिलं, जो आईबापांची फजिती होत असताना मजेत लाडू खात बसला होता. मग समोरच्या मुलीकडं पाहिलं, जिनं स्वतःच्या आईला भिंतीची पूजा करू दिली होती. दोघंही आता एकमेकांकडं बघायचं टाळत होती, कारण बघितलं असतं तर पुन्हा हसू फुटलं असतं.

"गोटीरामभाऊ," ते शेवटी म्हणाले, "माझं मत इचाराल तर या दोघांना एकाच घरात घाला."

"म्हंजे तुमचा होकार?" गोटीरामनं विचारलं.

"होकार म्हणा, नायतर काय बी म्हणा. ही दोघं दोन वेगळ्या घरांत गेली, तर दोन चांगली घरं बसतील. त्यापेक्षा एकच बसू द्या." त्यांनी बशी पुढं सरकवली. "आणि पोहे वाढा थोडे. त्या घरात लाडू अर्धाच खाल्ला मी."